वायर नसलेला फोन

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. मी मात्र शपथेवर सांगते, यातला एक शब्दही माझ्या पदरचा नाही.

मंगळवार होता. भरदुपार. हॉस्पिटलच्या तळघरात आमची कॉम्प्युटरची खोली. दोन टेबलं. एक माझं, दुसरं अण्णांचं.

अण्णा आमचे सीनियर प्रोग्रॅमर. चार महिन्यांपूर्वी गेले. त्यांच्या फोनची वायर मीच काढून ठेवली होती.

पेशंटची नाडी बिघडली की नर्सच्या टेबलावर अलार्म देणारा प्रोग्रॅम त्यांचाच. मूळ क्लासमधलं, म्हणजे सगळ्या बेडच्या सामाईक साच्यातलं, 'वाजव' हे फंक्शन त्यांनी रिकामं ठेवलं होतं. प्रत्येक प्रकारच्या बेडचा क्लास त्या मूळ क्लासपासून बनायचा आणि स्वतःचं 'वाजव' घेऊन यायचा.

सोमवारी मी आमचा कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा नवा कंपायलर बसवला. चाचणी घेताना त्याचं ऑप्टिमायझेशन, म्हणजे कोड आटोपशीर करून वेग वाढवणं, बंद ठेवलं, वेळ वाचतो म्हणून. वॉर्डात पाठवताना मात्र चालू केलं. अण्णा असते तर कान उपटले असते.

मंगळवारी सकाळपासून वॉर्ड शांत होता...

फारच शांत.

"आज तुझ्या मशीनने मौनव्रत धरलंय का गं?" सकाळी दहाला जिन्यात नर्सताई म्हणाल्या. "बरं झालं बाई, डोकं तरी उठत नाही."

मीही हसले.

दोन वाजता फोन वाजला.

माझा नाही...

अण्णांचा.

मी रिसीव्हर उचलला. आधी त्यांची ती कोरडी ढास ऐकू आली... मग आवाज.

"अकरा नंबर. पळ, पोरी."

मी जीव खाऊन पळाले. अकरा नंबरच्या आजोबांचे ओठ निळे पडले होते. पडद्यावर आकडा लाल, आणि अलार्म मुका. मी ओरडले. डॉक्टर धावत आले. आजोबा वाचले.

चूक संध्याकाळी सापडली. मूळ क्लासमधलं 'वाजव' रिकामं बघून कंपायलरने ते बिनकामाचं ठरवलं होतं, आणि त्याला बोलावणारी ओळच गाळून टाकली होती. त्यामुळे त्याच्यापासून बनलेल्या एकाही क्लासचा अलार्म वाजत नव्हता. मी जुना कंपायलर परत बसवला.

सगळ्यांनी पाठ थोपटली. "तुला कळलं कसं गं?" नर्सताईंनी विचारलं. मी विषय बदलला.

कारण तो फोन त्याच दिवशी सकाळी साडेदहालाही वाजला होता... बराच वेळ. माझ्या अंगावर काटा आला. मी कानांत हेडफोन घातले आणि काम करत बसले.

सात नंबरच्या बाई पावणेअकराला गेल्या.

वायर नसलेला फोन कसा वाजला, मला आजही माहीत नाही. पण त्या बाईंचा मुलगा जाताना माझे हात धरून म्हणाला, "ताई, तुम्ही होतात म्हणून ते आजोबा तरी वाचले."

त्याला मी अजून काहीच सांगितलेलं नाही.