नर्मदेच्या कड्यातले तोफगोळे

साल एकोणीसशे छत्तीसचं. मणिबेली गावाच्या वर, नर्मदेच्या कड्यात, जुन्या तोफांचे दगडी गोळे घडवणारी खाण असलीच पाहिजे, हे सिद्ध करायला मोतीलाल मास्तर निघाले होते. तापीकाठच्या गढीत सापडलेले गोळे समुद्रापारचे, असं विद्वान लिहीत. पण मास्तरांनी एका गोळ्याची कागदासारखी पातळ चकती सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर आत शिंपल्यांचा चुरा! तसा दगड नर्मदेच्या खोऱ्यात होता. खाणीतला एक तुकडा जुळला, की वाद मिटला.

बरोबर बायको जसोदा. चकत्या तीच घासायची. वाटाड्या धनसिंग. त्या काळी सातपुड्यात साग असा दाट, की भर दुपारी पायवाट चाचपडत चालावं लागे. मास्तर दिसेल तो दगड जिभेनं ओला करून भिंगाखाली धरत.

"मास्तर, काय चाटी ऱ्हायनात? मीठ कमी शे का?" धनसिंग खिदळे.

आणि अखेर खाण सापडली! गुहेच्या तोंडाशी कातळात अर्धवट कोरलेले गोळे. वरच्या पायरीवर एक पुरा घडलेला, सुटा. जसोदा त्याच्यापाशी चढली. खाली मास्तर भिंग लावून गुडघ्यावर बसले. हातोडा उगारला.

"ठोकू नका! गुहामा पहिले दगड फेकी देखा!" धनसिंग ओरडला.

मास्तरांना धीर कुठला? खण्ण!

अंधारातून अस्वलीण आली. एका पंजात मास्तरांच्या कपाळाची कातडी सोलली, एक डोळा गेला. धनसिंगनं कुऱ्हाड घातली, दांडा मोडला! धनसिंग गुहेच्या भिंतीवर आदळला. तिनं मास्तरांचा खांदा दातांत धरला. हाड मोडल्याचा आवाज जसोदानं ऐकला. तिनं गोळ्याला पाठ लावली. पाय रोवले. रेटला!

गोळा अस्वलिणीच्या पाठीवर बसला. कणा मोडला, जबडा सुटला. गोळा आणि जनावर दोन्ही कड्यावरून नर्मदेत!

"तुकडा..." रक्तातून मास्तर पुटपुटले. "कातळाचा तुकडा घे."

"तुमनं डोकं फुटेल शे, त्यान्हा तुकडा लई जाऊ का?" धनसिंग उठत म्हणाला.

"जसोदा, आयुष्य घातलंय मी यात!"

तिनं लुगड्याचा पदर फाडून कपाळ आवळलं. पट्टी लगेच भिजली. आत पिल्लं किंचाळत होती. तिनं हातोडा उचलला. मास्तरांचा उरलेला डोळा चमकला.

तिनं हातोडा नदीत भिरकावला.

"धनसिंगभाऊ, पाय धरा. मी पाठीखालून धरते."

मास्तर वाचले. महिनाभर बायकोशी बोलले नाहीत. तुकडा आलाच नाही; गोळे कुठले, यावर विद्वान पुढं कित्येक वर्षं भांडत राहिले.