साडेआठ वाजता बारा ठोके

"दहा... अकरा... बारा!" विराजच्या हातातला ब्रेड हातातच राहिला. "ताई, आत्ता तर सकाळचे साडेआठ वाजलेत!"

"आजही?" नीलांबरी खिडकीकडे धावली.

बेस्ट या डच शहराजवळच्या त्या चिमुकल्या ऊस्टरडोंक गावात चर्चची घंटा दोनदाच वाजायची, दुपारी बाराला आणि संध्याकाळी सहाला. सत्तरीची रिटआजी स्वतः दोर ओढायची. आधी तिचे वडील ओढायचे. ते मागच्या हिवाळ्यात गेले. आणि या आठवड्यात भलतंच सुरू झालं होतं. नेहमीच्या वेळा होत्याच, पण सकाळी साडेआठला बारा ठोके आणि दुपारी अडीचला सहा!

"बरोबर तर वाजली," यश मनगटावरच्या घड्याळाकडे बघत म्हणाला. तो सुट्टीत पुण्याहून मामाकडे आला होता.

"झोपेत आहेस का रे?" विराज खिदळला.

"रिटबाईंचं काही खरं नाही," मीनल, म्हणजे मुलांची आई, हळूच म्हणाली. "दोनला गावाची सभा आहे. त्यांच्याकडून चर्चच्या मनोऱ्याची किल्ली काढून घेणार म्हणे."

"पण बाबा, तुम्ही घंटेला यंत्र बसवलंय ना? तेच वाजवत असेल!" नीलांबरी म्हणाली.

"रविवारी उद्घाटन आहे. तोवर बंद!" लॅपटॉपवरची नजर न हलवता संजीव म्हणाला. आइंडहोव्हन शहरातल्या कंपनीतला इंजिनिअर तो; त्याच्या शब्दावर गावात कोण शंका घेणार?

तिघं रिटआजीच्या घरी पोचले. ती स्वयंपाकघरात बसली होती. टेबलावर कॉफीचे दोन कप होते, एक भरलेला, एक कोरडा.

"आजी, सकाळी तू घंटा वाजवलीस?" नीलांबरीनं विचारलं.

"इथेच बसले होते, असं वाटतंय." आजीनं कोरडा कप बाजूला सारला. "पण बाबा गेल्यापासून रोज दोन कप काढते मी. कपांचं भान नाही, तर दोराचं कसं असेल? सगळे म्हणतात, म्हणजे मीच वाजवत असेन."

विराजनं खिडकीतून मनोऱ्याकडे पाहिलं.

"वारा असेल," तो म्हणाला.

"वारा मोजून बारा ठोके देतो?" नीलांबरीनं विचारलं.

"मग भूत!"

"गप रे!"

बाराला दहा मिनिटं होती. आजी मुलांना घेऊन मनोऱ्यात गेली. जिन्याखाली संजीवनं बसवलेल्या यंत्राचा डबा होता. त्याचा स्क्रीन काळाकुट्ट. म्हणजे बंदच! आजीनं दोर ओढला. ठण्! ठण्!

"हां, ही मात्र चुकली," यश घड्याळ दाखवत म्हणाला. "साडेतीन वाजलेत."

नीलांबरीनं त्याचं मनगटच पकडलं. "तू अजून पुण्याचीच वेळ ठेवलीस?"

"तीन आठवड्यांसाठी कोण बदलत बसेल?"

"अरे, म्हणजे सकाळी घंटा वाजली तेव्हा पुण्यात बरोबर बारा वाजले होते! अडीचला तिथे सहा वाजतात!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. या गावात पुण्याच्या वेळेवर आणखी कोण चालतं?

"बाबांचा लॅपटॉप!" विराज ओरडला.

घरी संजीव कानाला हेडफोन लावून बसला होता. "पुण्याच्या टीमसाठी तीच वेळ ठेवतो मी. डब्याचं सेटिंगही यावरूनच केलं. पण तो बंद केलाय गं!"

"डबा, की नुसता स्क्रीन?"

"नीलू, मीटिंग चालू आहे! नंतर!"

"ऐकत नाहीत," नीलांबरी बाहेर येऊन म्हणाली. "मग सगळ्या गावालाच ऐकवू. फक्त अडीचपर्यंत सभा लांबवायची."

"ते माझ्याकडे लागलं!" विराज म्हणाला.

दोनला गावाचं सभागृह भरलं. संजीवही येऊन मागे उभा राहिला. कॉफी फिरली, केक फिरला. मग अध्यक्ष वोल्टर्स घसा खाकरून उठले. रिटआजीनं कुणी सांगण्याआधीच किल्ली टेबलावर ठेवली.

"एक मिनिट, वोल्टर्सकाका!" विराज उभा राहिला. "दुसऱ्या महायुद्धात आपली घंटा कुठे लपवली होती?"

"अरे देवा!" मागून कुणीतरी कण्हलं. "याला कुणी सांगितलं विचारायला?"

पण वोल्टर्स खुलले होते. शत्रू घंटा वितळवायला नेणार म्हणून गावकऱ्यांनी ती गवताच्या गाडीतून कशी पळवली, बटाट्याच्या शेतात कशी पुरली... गाव मुक्त झालं, तेव्हा पंधरा वर्षांच्या एका पोरानं ती इतकी वाजवली की त्याचे तळहात सोलले. "तो पोरगा म्हणजे रिटचे वडील!"

आजी खाली मान घालून ऐकत होती.

ठण्!

सगळे दचकले. ठण्! ठण्! किल्ली टेबलावर होती आणि रिटआजी सगळ्यांच्या समोर! सहा ठोके झाले. संजीवच्या हातातला कप कलंडला आणि कॉफी थेट बुटांवर सांडली.

"मी... मी फक्त स्क्रीन बंद केला होता," तो पुटपुटला. लाल झालेल्या कानांनी तो पुढे आला आणि गावासमोर सगळं सांगून मोकळा झाला. "मला माफ करा, रिटबाई."

"म्हणजे मी नव्हते," आजी म्हणाली. एकदा हळूच, मग मोठ्यानं, "मी नव्हते!" तिनं डोळे पुसले. "तुमची चूक झाली ते बरंच झालं हो. माझी नव्हती, एवढं तरी कळलं."

वोल्टर्सनी किल्ली उचलून दोन्ही हातांनी तिला परत दिली. "आम्ही विचारायच्या आधीच ठरवून टाकलं होतं, रिट. या पोरांनी विचारलं. शाबास!"

"यंत्र राहू दे," आजी म्हणाली. "हिवाळ्यात पाय दुखतात माझे. पण गावात कुणी गेलं, तर त्याच्यासाठी दोर मीच ओढणार."

आणि तिनं किल्ली खिशात टाकली.