लवंग जरा जास्त

बेकरीवाला दुकानात शिरला तेव्हा त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत लालबुंद झाला होता, आणि ती काउंटरवर डोकं टेकून डुलकी काढत होती.

"मॅडम, तुमच्या तेलाने दुखणं पार गेलं."

"छान झालं," ती डोळे न उघडताच पुटपुटली.

"आता नुसती आग होतेय. तिच्यावर काही आहे का तुमच्याकडे?"

तिने डोळे उघडले, हात पाहिला आणि तिची झोप खाडकन उडाली.

दुकान तिच्या मावशीचं. वाळवलेली मुळं, चूर्णं, काढे, मध, आणि अगदी दर्शनी फळीवर थकवा घालवणाऱ्या गोळ्यांच्या डब्या. डबीवर एक हसरं कुटुंब हिरवळीवरून धावत असे. त्या डब्या विकायला मागे उभी असायची ही, डोळ्यांखाली काळी वर्तुळं घेऊन. हिवाळ्यात तापाने झोपवलं होतं तिला. ताप गेला, पण अंगातली ताकदही घेऊन गेला. "तुम्ही स्वतः घेत नाही वाटतं या गोळ्या?" असं एखादं गिऱ्हाईक हमखास विचारायचं. तिला हसायचाही कंटाळा यायचा.

दुकानाचं खरं नाव मात्र मावशीच्या दुखण्यावरच्या तेलाने होतं. तिळाच्या तेलात सुंठ, लवंग, दालचिनी मंद आचेवर कढवायची, निवलं की कापूर आणि पुदिन्याचा अर्क घालायचा. किती, ते कुठे लिहिलेलं नव्हतं. नाकाला विचारायचं. एक थेंब मनगटामागे चोळायचा, डोळे मिटायचे, पहिला उग्र वास निघून जाऊ द्यायचा... आणि मग मागे काय उरतं ते बघायचं. जे उरतं तेच खरं, असं मावशी म्हणायची. तिचे गुडघे आता जिना चढू-उतरू देत नव्हते, म्हणून ती वरच्या खोलीत असे आणि पातेलं भाचीकडे आलं होतं. "तुला जमलं तर तेल चालू ठेवू, नाहीतर पातेलं मोडीत घालू आणि नुसत्या डब्या विकू," हे मावशीने स्पष्टच सांगितलं होतं. आणि या अख्ख्या दुकानात भाचीचा जीव होता तो फक्त त्या पातेल्यात.

बेकरीवाल्याच्या तेलात पुदिन्याचा अर्क दोनदा पडला होता. पहिल्यांदा घातलेला तिला कळलाच नव्हता.

"पाणी लावू नका, आणखी भडकेल," ती म्हणाली. साध्या तेलात कापूस बुडवून तिने त्याचा हात हलकेच पुसायला घेतला. "झाकण उघडल्यावर कळलं नाही का तुम्हाला?"

"कळलं की! डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं."

"मग लावलंत कशाला?"

"मला वाटलं, औषध म्हणजे असंच असायचं." तो तिच्याकडे बघत राहिला. "आणि तुम्हाला कसं नाही कळलं?"

खोटं बोलायलाही थोडं त्राण लागतं. तिच्याकडे ते नव्हतं. महिनोन् महिने मावशीपासून लपवलेली गोष्ट तिने शेजारच्या, जेमतेम तोंडओळखीच्या माणसाला सांगून टाकली. "मला वास येत नाही. तापापासून."

"कशाचा?"

"कशाचाच नाही."

"माझ्या भट्टीचा पण?" त्याचा चेहरा एवढासा झाला. "अहो, भिंत एकच आहे आपली!"

तिला वाटलं, घरात काही वाईट घडल्याचं कळल्यावर माणसं असा चेहरा करतात. तिला उगाचच बरं वाटलं.

दुसऱ्या दुपारी तो पुन्हा आला. हात बरा होता. "नाक घेऊन आलोय," तो म्हणाला. "भाड्याने नको, असंच वापरा."

मग ते रोजचंच झालं. सकाळचा पाव विकून झाला आणि संध्याकाळचा भट्टीत गेला की मधल्या वेळात तो यायचा, पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवयांसकट. ती त्याच्या मनगटामागे थेंब चोळायची. तो डोळे मिटायचा.

"बोला."

"थांबा... घाई नको. तुमच्या मावशींनीच सांगितलंय ना, पहिला वास जाऊ द्यायचा?"

"एवढा वेळ लागत नाही त्याला."

"हात सोडलात तर लवकर सांगेन."

ती झटकन हात सोडायची. मग तो एक डोळा उघडून म्हणायचा, "लवंग कमी आहे."

लवंग पडायची. मग दालचिनी. "हं... आता जमलं. आता कसं, कोणीतरी घरी आपली वाट बघतंय असं वाटतं."

"तेल आहे ते. गुडघ्याला लावायचंय."

"गुडघ्यालाही वाटू दे की."

कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, दोघांपैकी कोणीच ते बोलून दाखवलं नाही. तो जग झोपेत असताना उठून कणीक मळणारा, ती दिवसभर उभी राहून पाय सुजवून घेणारी. कित्येकदा बोलता बोलता दोघंही स्टुलावर बसल्या बसल्या पेंगायची. धावतपळत प्रेमात पडायला दोघांच्याही अंगात जीव नव्हता. ते आपलं हळूहळू, बसून बसूनच झालं.

बिंग फोडलं ते निवृत्त पोस्टमास्तरांनी. ते मावशीकडे पत्ते खेळायला यायचे.

"गुडघा आहे तिथेच आहे हो," ते मावशीला म्हणाले, "पण हल्ली तुमचं तेल लावलं की सपाटून भूक लागते. बायको म्हणते, तुमच्या शेजारी बसलं की केक खावासा वाटतो."

मावशी एकेक पायरी बसत बसत जिना उतरली. तेव्हा बेकरीवाला पळीने पातेलं ढवळत होता आणि भाची स्टुलावर बसून त्याला हसत होती. मावशीने कोणाकडे न बघता थेंब घेतला, मनगटामागे चोळला, डोळे मिटले.

"हे कोणाच्या नाकाने केलंय?"

"मावशी, चूक माझी आहे," तो घाईघाईने म्हणाला. "मीच म्हटलं, लवंग घाल—"

"तू गप्प बस. तुझं नाक पावाचं आहे, ते सगळ्याचा केकच करणार." मावशी भाचीकडे वळली. "पोरी, तू बोल."

तिने सांगितलं. ताप, पुदिना, भाजलेला हात, सगळं.

मावशीने पातेल्यावर झाकण ठेवलं. "लोक विश्वासाने अंगाला लावतात गं हे. नाक येईपर्यंत पळी हातात घ्यायची नाही. आणि आधी डॉक्टरकडे जायचं. तापानंतर वास गेला आणि तू गिळून बसलीस? वेडी कुठली."

"आणि नाहीच आला तर?"

मावशीने दर्शनी फळीवरच्या डब्यांकडे बघितलं. मग बेकरीवाल्याला म्हणाली, "आणि तुला आता इथे काय काम?"

त्याने पळी खाली ठेवली आणि तो निघून गेला.

डॉक्टरांनी नाकात बॅटरी मारून पाहिलं. येईल, कदाचित नाहीही येणार, म्हणाले. रोज लिंबाची साल, गुलाबाची पाकळी, लवंग अशा ओळखीच्या वस्तू मन लावून हुंगायच्या, नाकाला आठवण करून द्यायची. ती रोज हुंगायची. लिंबाला वास नव्हता, गुलाबाला नव्हता. लवंग नुसती टोचायची.

तो आला नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. भिंतीपलीकडे कणीक आपटल्याचे धप् धप् आवाज तेवढे यायचे. भट्टीने ती भिंत दुपारी कोमट होत असे. गिऱ्हाईक नसलं की ती स्टूल तिथे ओढून भिंतीला पाठ लावून बसायची. गोळ्या विकायची, सुटे पैसे द्यायची, पुन्हा बसायची. नाकापेक्षा आता त्याचीच उणीव जास्त भासते, हे तिच्या ध्यानात आलं आणि तिला आणखीच थकल्यासारखं वाटलं.

मग एका दुपारी दारात पांढऱ्या भुवया दिसल्या.

"मनगट दुखतंय," तो म्हणाला.

"तेल बंद आहे."

"माहितेय. थकव्याच्या गोळ्या दे मग."

"घेऊ नकोस. तू थकलायस, कारण तू झोपत नाहीस."

"असं बोलतात का दुकानदार?"

"आला का नाहीस इतके दिवस?" तिला विचारायचं नव्हतं, पण निघून गेलं तोंडातून.

तो स्टुलावर बसला. "मावशींनी विचारलं, काय काम. मी कणीक मळता मळता उत्तर शोधत होतो... सापडलं नाही. काही काम नाही गं. नुसतं यायचंय."

तिने साधं तेल घेतलं आणि ती त्याचं मनगट चोळायला लागली. गुण तेलाचा की चोळणाऱ्या हाताचा, हा वाद या दुकानात जुना होता.

"माझं नाक परत आलंच नाही तर?"

"तर मी सांगत जाईन ना तुला. जन्मभर. लवंग जरा जास्त सांगेन, पण सांगेन."

तिचा हात थांबला. "ऐक... मला तुला काहीतरी..."

"सांग ना."

"मला..." ती अडखळली. नाकाच्या आत, अगदी खोलवर, काहीतरी खुपलं. काळं, कडवट. "तुझा पाव जळतोय."

"माहितेय. केव्हाचा जळतोय."

"मग जा ना!"

"तू काहीतरी सांगत होतीस."

आणि मग त्याच्या लक्षात आलं. तो सावकाश तिच्याकडे वळला. "तुला... तुला कसं कळलं?"

तिने पुन्हा श्वास घेतला. जळका पाव. करपलेला, घशाशी येणारा, घाणेरडा वास! तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ती हसत होती.

"अरे, कोणाचं काय जळतंय?" वरून मावशी ओरडली.

"पाव, मावशी! मला वास येतोय!"

वर पत्ते खाली पडल्याचा आवाज झाला.

"आता तरी पळ," ती त्याला म्हणाली.

"सांगितल्याशिवाय नाही."

"अख्खी बेकरी जाईल तुझी!"

"मग लवकर सांग."

"मला तू हवायस," ती म्हणाली. "वास आला तरी, नाही आला तरी. झालं? आता पळ!"

तो पळाला. उंबऱ्याला ठेचकाळला, तरी मागे बघून हसला. त्याच्या दारातून आलेला धूर दुकानात भरायला लागला, डब्यांवरचं हसरं कुटुंब धुरकट दिसायला लागलं. जिन्यावर मावशीच्या गुडघ्यांची करकर सुरू झाली होती. भाची मात्र दार लावायला गेली नाही. तो बसला होता त्या स्टुलावर बसली, त्याला चोळताना तेल लागलेलं आपलं मनगट नाकाशी नेलं आणि डोळे मिटले. जळक्या पावाचा पहिला उग्र वास निघून जायची ती वाट बघत होती. मागे काय उरतं, ते तिला बघायचं होतं.