जुन्या पुस्तकांची गाडी

डेट्रॉइटहून आलेलं ते पत्र अगदी लहान होतं. "पुस्तक एव्हाना पोचलं असेल. त्यात जे विचारलंय त्याचं उत्तर दे. नाही म्हणायचं असेल तरी चालेल, पण गप्प बसू नकोस." खाली नाव – व्हर्लीन.

मी गप्प बसलो. पन्नासहून जास्त वर्षं.

आमच्या काउंटीचा, या दक्षिणेकडच्या जिल्ह्याचा, इतिहास लिहायचं काम चर्चच्या मंडळींनी माझ्यावर सोपवलंय. मला ते कितपत जमेल, देव जाणे. काळ्यांची आणि गोऱ्यांची शाळा एक झाली त्या प्रकरणाशी आलो की पेन अडतं. लोकांना तिथे कोर्ट आठवतं. मला कापसातली सरकी काढणाऱ्या जिनची पत्र्याची शेड आठवते...

नोव्हेंबरचा बारीक, गार पाऊस होता. सतरा वर्षांचा मी, कोटाच्या आत पुस्तक दडवून शेडखाली शिरलो, तर तिथे आधीच एक मुलगी उभी. निळा कोट, हातात कोरी करकरीत पुस्तकं. तिला गावात कोण ओळखत नव्हतं? अंत्यविधीचं दुकान चालवणाऱ्या टॉलिव्हरांची मुलगी. त्या वर्षी गोऱ्यांच्या शाळेत नाव घातलेली आमच्या काळ्यांतली एकटीच. तिचे वडील कुणा गोऱ्याच्या चाकरीत नव्हते. आमचीच मेलेली माणसं त्यांचं घर चालवायची. म्हणून त्यांना ते धाडस परवडलं.

"बस चुकली?" मी विचारलं.

"ड्रायव्हरची नजर चुकली. मला बघताना रोजच चुकते." तिनं माझ्या कोटाकडे पाहिलं. "आत काय आहे? चोरलेली कोंबडी?"

"पु... पुस्तक. इतिहासाचं."

"बघू."

पहिल्या पानावर ओळीनं नावं होती, सगळी गोऱ्या मुलांची. त्यांच्या शाळेत फाटली की पुस्तकं गाडीत भरून आमच्या शाळेत यायची. ग्रंथालयात बसून, कणकेची खळ लावून ती मी चिकटवायचो.

"वेन हॉजेस!" ती ओरडली. "याचा धाकटा भाऊ माझ्या मागे बसतो. दिवसभर नाक ओढतो. म्हणजे तू रोज त्या घराण्याचा शेंबूड उलटतोस होय, प्रोफेसर?"

मला कुणी प्रोफेसर म्हटलं नव्हतं. कान तापले.

"आणि हे एकशेबारावं पान कुठंय?"

"आमच्याकडे आलं तेव्हाच नव्हतं."

"माझ्यात आहे." तिनं आपलं पुस्तक उघडलं, उजेडाकडे धरलं. त्या पानावर आमची काउंटी होती – काळी कसदार जमीन आणि समाधानी मजूर.

"तुझी आजी कापूस वेचायची ना? होती का समाधानी?"

"आजीची दाढ दुखायची. समाधानाला वेळ मिळाला नाही तिला."

ती खळखळून हसली. मग एकदम थांबली. "आज शाळेत गेल्यापासून पहिल्यांदा कुणाशी तरी बोलतेय मी," ती म्हणाली.

पुढे रोज मी त्याच वाटेनं यायचो... उगाच, लांबून वळसा घालून. शाळेत ती जेवायला बसली की टेबल रिकामं व्हायचं. "अख्खं टेबल माझं! राणीच म्हण की," असं म्हणून ती हसायची, पण बोटांनी माझ्या बाहीची कड धरून ठेवायची. एकदा म्हणाली, "तिथे माझं नाव फक्त हजेरीत ऐकू येतं. तू घे ना एकदा."

"व्हर्लीन."

"अजून एकदा."

"व्हर्लीन..." पत्र्यावर पाऊस वाजत होता. तिनं डोळे मिटले होते.

दोन उन्हाळ्यांनंतर तिची शाळा संपली आणि ती डेट्रॉइटला आत्याकडे निघाली. शेवटच्या दिवशी त्याच शेडखाली ती माझ्यासमोर उभी राहिली.

"काहीतरी विचार ना मला, प्रोफेसर."

मी विचारलं, "गाडी... किती वाजता?"

ती हसली, डोळे मात्र हसले नाहीत. "समोरासमोर तुला जमायचं नाही. मीच विचारलंय. इतिहासाच्या पुस्तकात, एकशेबाराव्या पानावर, समासात. आजच ते शाळेला परत दिलं. वर्षा-दोन वर्षांत फाटेल आणि येईल तुझ्याच हाताखाली. तोवर धीर गोळा कर."

म्हणून मी आमच्याच शाळेच्या ग्रंथालयात नोकरी धरली. पुस्तकांची गाडी आली की सगळ्यांच्या आधी धावायचो. ते पुस्तक नसायचं.

मग कोर्टाचा निकाल आला. शाळा एक होणार. चर्चमध्ये आम्ही रडलो, गायलो. त्यासाठीच तर इतकी वर्षं प्रार्थना केली होती. आमची शाळा बंद झाली. आमच्या बँडचे ढोल, जिंकलेले करंडक, भिंतीवरचे फोटो कचऱ्याच्या खड्ड्यात गेले. एकत्र शाळेसाठी नवी पुस्तकं आली आणि दोन्ही शाळांची जुनी व्यायामशाळेमागे जाळली. मी पोचलो तेव्हा राख कोमट होती. काठीनं ढवळली. एका पुठ्ठ्याचा कोपरा तेवढा सापडला.

त्याच सप्टेंबरात तिचं ते पत्र आलं. पुस्तक पोचलं नाही, असं लिहिलं तर बहाणा वाटेल. काय विचारलं होतंस, असं विचारायला जीभ धजेना. पाद्रीबाबांनी तिच्या लग्नाची बातमी सांगितली, तेव्हा सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या.

परवाच्या रविवारी चर्चचा वार्षिक मेळावा होता. ओक झाडाखाली टेबलं मांडली होती. व्हर्लीनची चुलतबहीण ऑटिली माझ्या ताटात वाढत होती.

"ब्रदर एझ्रा, कोंबडी घे अजून. पुस्तकं खाऊन अंगाला मांस लागत नाही." मग आवाज उतरवून म्हणाली, "व्हर्लीन दरवर्षी फोनवर विचारते. 'तो बोलायला लागला का गं?'"

"कशी आहे ती?"

"नवरा गेला. नजरही गेली. डॉक्टरांनी हात टेकलेत, एझ्रा. फोन लावून देऊ?"

मी काटा ताटात ठेवला. "तिनं पुस्तकात काय विचारलं होतं, तुला सांगितलंय का?"

"मला काय ठाऊक! नुसती हसते. तू आपलं लिही काय ते. जरा जपून लिही हं – नात वाचून दाखवते."

सोमवारी सकाळी मी लिहिलं.

"प्रिय व्हर्लीन, पुस्तक आलं नाही. शाळा एक झाल्या आणि ती गाडीच बंद झाली. झाली ते बरंच झालं. त्यात तुझं पान तेवढं जळालं. तू काय विचारलं होतंस ते मला आजही माहीत नाही. काहीही असो – माझं उत्तर हो आहे. – एझ्रा."

पोस्टात गर्दी नव्हती. पेटीच्या फटीशी मी पाकीट धरून उभा राहिलो. ओठ आपोआप हलले. "व्हर्लीन..."

खिडकीतल्या बाईंनी मान वर केली. "काही म्हणालात, मिस्टर एझ्रा?"

"हो," मी म्हणालो, आणि पाकीट आत सोडलं.