भिंतीकडची ठकठक

"मागे बघ, मागे!" दादा ओरडला, पण खारूताई त्याआधीच वळली होती. पडद्यावरचा राक्षस धप्पकन आडवा झाला.

"तुला कळलं कसं?"

"पावलं ऐकू आली. उजवीकडून, जरा मागून."

मामाच्या दुकानात नवा सराउंड साउंड हेडसेट आला होता. तो आधी वापरून बघायचं काम मामाने सुट्टीला आलेल्या भाचरांना, म्हणजे खारूताईला आणि तिच्या धाकट्या भावाला, लिंबूला दिलं होतं. मामाचा मुलगा, या दोघांचा दादा, नुसत्या सूचना देत होता. अशी नोकरी मिळाली तर शाळा कोणाला हवी, असं लिंबूचं स्पष्ट मत पडलं.

मामा मात्र घुश्शात होता. दुकानामागे तो एक आवाजबंद खोली तयार करत होता. दाराला आतून फोम चिकटवताना दार उघडायची मूठ मध्ये यायला लागली, म्हणून या पठ्ठ्याने मूठच काढून टाकली. आधी ती मूठ बसवा, मग पुढचं काम, असं मामीने बजावलं आणि त्यावरून सकाळी दोघांचं चांगलंच वाजलं. तेव्हापासून मामी दिसली नव्हती. ती रुसून बहिणीकडे गेली असणार आणि आपण काही आधी फोन करणार नाही, असं मामाने जाहीर करून टाकलं होतं.

खारूताईने अचानक खेळ थांबवला. डावीकडून ठकठक ऐकू येत होती. जरा वेळ थांबून पुन्हा ठकठक.

"या खेळात कोणी दार वाजवतं का?" तिने विचारलं. दादाने हेडसेट स्वतःच्या कानाला लावला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. खेळ तर थांबलेला होता!

मामाला सांगितलं तर तो उलट खूश झाला. हीच तर या हेडसेटची करामत, म्हणाला आणि समोरच्या गिऱ्हाइकालाही ते कौतुकाने ऐकवलं.

खारूताईचं समाधान झालं नाही. तिने हेडसेट घालून फिरती खुर्ची गर्रकन वळवली आणि ती एकदम ताठ बसली.

"खेळातला आवाज माझ्याबरोबर फिरतो. डावीकडचा डाव्याच कानात राहतो. ही ठकठक फिरत नाहीये. मी भिंतीकडे तोंड केलं की ती समोरून येते."

लिंबूचा चेहरा पडला. हेडसेटवरचं एक बटण आपण मघाशी उगाच दाबलं होतं, असं त्याने कबूल केलं. दादाने खोक्यावरची माहिती वाचली. त्या बटणाने, वायर जोडलेली नसली तरी, आजूबाजूचे बारीक आवाजही मोठे होऊन कानात येत होते. म्हणजे ठकठक खरी होती आणि त्या भिंतीपलीकडे आवाजबंद खोली होती.

"आई," दादा म्हणाला. मामीला दमा होता आणि खोलीभर ताज्या गोंदाचा वास कोंडलेला होता.

दाराला कुलूप होतं. किल्ली मामाच्या खिशात होती. दादा धावत गेला, पण मामा ऐकेल तर शपथ! आत कोणी नाही, गोंद ओला आहे, संध्याकाळपर्यंत दार उघडायचं नाही, असं म्हणून त्याने दादाला गप्प केलं आणि पुन्हा गिऱ्हाइकाकडे वळला.

"मामा," खारूताई गिऱ्हाइकाला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "हेडसेटची डावी बाजू बिघडलीये वाटतं."

मामा तडक आला, खुर्चीत बसला आणि हेडसेट कानाला लावला. खारूताईने खुर्ची हळूच भिंतीकडे वळवली.

"उत्तम चाललाय की! काय झकास ठकठक येतेय समोरून. आता तो खेळ बंद करा."

"बंदच आहे, मामा. मघाशीच वायर काढलीये."

मामाने खारूताईच्या हातातल्या वायरच्या टोकाकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला. तो धावला खरा, पण घाईत किल्ली उलटीच कुलपात घालू लागला. शेवटी दादाने ती हिसकावून दार उघडलं.

मामी भिंतीशी बसली होती. नाकाला ओढणी आणि हातात चप्पल. तिला बाहेर मोकळ्या हवेत आणलं, दम्याचा पंप दिला, तेव्हा कुठे तिचा श्वास जागेवर आला. मूठ कुठे बसवायची ते बघायला ती दारामागे वाकली होती. मामाने रागाच्या भरात आत न बघताच दार ओढून कुलूप घातलं होतं.

"मला वाटलं, तू रुसून..." मामा म्हणाला.

"सगळ्यांना वाटलं मी रुसलेय. अडकले असेन, असं कोणाच्याच मनात आलं नाही."

"माझ्याही नाही आलं, आई," दादा म्हणाला आणि इतका मोठा मुलगा सगळ्यांदेखत रडू लागला. मामीने त्याला जवळ ओढलं, दुसऱ्या हाताने खारूताईला आणि लिंबूलाही.

"या तिघांनी ऐकलं म्हणून मी इथे बसलेय," ती मामाला म्हणाली. "यांच्याकडून ऐकायला शिका जरा."

दिवसभर गिऱ्हाइकांशी अखंड बडबडणारा मामा खाली जमिनीवरच बसला. त्याने तिघांच्या डोक्यावरून एकेक करून हात फिरवला. मग उठून तो दाराची मूठ बसवायला गेला.