दहापैकी चार

विसरभोळेपणा तिच्या पाचवीलाच पुजलेला. त्या दुपारी ती हॉस्पिटलच्या लायब्ररीतल्या झेरॉक्स मशीनमध्ये स्वतःची सरावाची उत्तरपत्रिका विसरली. धावत परत गेली, तर एक भूलतज्ज्ञ ती तपासत बसलेला... तेही लाल पेनाने!

"दहापैकी चार?" तिचा पारा चढला. "तुम्हाला सांगितलं कुणी?"

"कुणीच नाही. बेवारस पडली होती," तो शांतपणे म्हणाला. "उपचार अचूक आहेत, डॉक्टर. पण ते का केले, याची एक ओळ नाही. तुमच्या मनातलं परीक्षकाला कसं कळणार?"

खरं बोलला, म्हणून जास्तच राग आला. आयसीयूत पेशंटचा रक्तदाब कोसळला की तिचे हात आधी चालत, कारणं मागाहून. कागदावरही तेच. त्यापायी अतिदक्षता तज्ज्ञाच्या लेखी परीक्षेत ती दोनदा आपटली होती. ही तिसरी खेप, शेवटची. आता गेली तर गाशा गुंडाळून गावी, बाबांच्या दवाखान्यात.

तोही याच परीक्षेला बसणार होता. मग रोज दुपारी दोघं एकमेकांचे पेपर तपासू लागले. त्याचं दुखणं उलटं. सुरुवात व्याख्येपासून, आणि वेळ संपली तरी पेशंट तसाच.

"अरे, तुझी प्रस्तावना संपेपर्यंत माणूस वर जाईल!" एव्हाना ‘तुम्ही’चं ‘तू’ झालं होतं.

"मग धर की माझा हात."

तिने धरला – पेन काढून घ्यायला. सोडायला मात्र जरा उशीर झाला... दोघांनाही कळलं. तिने मनाशी ठरवलं होतं, निकालाआधी कुणाला शब्द द्यायचा नाही. नापास होऊन गावी जायचं, तर याला कशाला टांगून ठेवा?

परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी ती मोबाइलवर तेच पान पुन्हापुन्हा उघडत होती. शेवटी निकाल लागला, तसा त्याने स्क्रीनवर तळहात ठेवला.

"थांब. तू मला आवडतेस. मला तुझ्याशी लग्न करायचंय."

ना व्याख्या, ना प्रस्तावना! तिला हसू फुटलं आणि डोळेही भरले.

"आत्ताच का?"

"नंतर बोललो असतो, तर तुला वाटलं असतं, निकाल बघून बोलला."

"आणि नापास झाले असेन तर?"

"तर बाबांना विचार... दवाखान्यात भूलतज्ज्ञ ठेवतात का?"

"बाबांना कशाला विचारू? मला हवायस तू," ती म्हणाली आणि मोबाइल त्याच्या हातात दिला. "उघड आता. काही का लागेना."