भागिरथाचं ऑपरेशन

खरं की खोटं ते तुम्ही ठरवा. माझ्या घरात घडलं, तेवढंच मी सांगतो.

गाव किन्हीराजा. साल १९७५, वैशाखातली दुपार. रात्र नव्हती. अंधारही नव्हता.

सहा महिन्यांपूर्वी माझी धाकटी बहीण भागिरथा गेली होती. विधवा होती, आमच्याकडेच राहायची. तेलकट खाल्लं की उजव्या बरगडीखाली कळ उठायची, पार खांद्यापर्यंत जायची. अकोल्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, पित्ताच्या पिशवीत खडे आहेत. सारखं दुखतं म्हणजे पिशवी काढावीच लागेल. खडा नळीत अडकला तर जिवावर बेतेल.

"दादा, मले अकोल्याले कधी नेशीन?" ती विचारायची.

"कापूस येचून होऊ दे," मी म्हणायचो.

कापूस शेतात होता तेव्हाच तिचे डोळे पिवळे झाले. थंडी वाजून ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली.

मी रडलो नाही. रडू आलंच नाही.

त्या दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. आतल्या खोलीतून आवाज आला...

खर्र... खर्र...

कळ उठली की भागिरथा जमिनीवर टाच घासायची. तोच आवाज.

मी आत गेलो. बायको, लिलाबाई, भिंतीला टेकून बसली होती. हात उजव्या बरगडीखाली दाबलेला. टाच हलत होती.

तिचं पोट आजवर कधी दुखलं नव्हतं.

"काय झालं वं?"

तिनं वर पाहिलं. आणि...

"दादा," ती म्हणाली, "मले अकोल्याले कधी नेशीन?"

तोंडातून एवढंच निघालं, "उद्या नेतो."

सकाळच्या एसटीनं निघालो. फोटोत पित्ताची पिशवी दिसावी म्हणून अकोल्यात डॉक्टरांनी संध्याकाळी गोळ्या दिल्या, दुसऱ्या दिवशी एक्स-रेचा फोटो काढला. पिशवीत खडे होते. मलाही दाखवले. पुढ्यात आलेल्या कागदावर मी न वाचताच सही केली.

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले.

"पिशवी काढली," ते म्हणाले. "पण आत एकही खडा नव्हता. फोटोत तर तुम्हीही पाहिले..."

लिलाबाई शुद्धीवर आली. पोटावरची पट्टी चाचपून म्हणाली, "अवो, मले इथं कायले आणलं?"

तिला काहीच आठवत नव्हतं.

दवाखान्यातून घरी सोडलं त्या दिवशी केसपेपर हातात आला. नावाच्या जागी लिहिलं होतं...

भागिरथा.

"हे नाव कोनं सांगतलं?" मी कारकुनाला विचारलं.

"बाईनंच. मी दोनदा इचारलं." त्यानं पेन उचललं. "चुकलं काय? बदलून देतो."

"राहू द्या," मी म्हणालो.

लिलाबाईला पुन्हा कधी दुखलं नाही. तो कागद मी तिला दाखवलेला नाही. मात्र अकोल्याला जाताना एसटीत माझ्या शेजारी कोण बसलं होतं, ते मला आजही सांगता येत नाही.